ताईचा ‘टू’

…आणि मला एक सांगा, बस फलाटावर येऊन उभी राहिली, दार उघडलं, माणसं उतरली, कंडक्टर पाणी प्यायला गेला… आता ती बस फलाटाला आली, फलाटावर आली, फलाटात आली की फलाटाशी आली, यानं त्या बसला काही फरक पडतो का? ड्रायव्हरला पडतो? टायरला पडतो? कुणाला पडतो? आमच्या ताईला पडला. जन्मभर पुरला. आणि तोही आपल्या भाषेत नाही हो, आपल्या भाषेत काही भानगडच नाही. आपल्याकडे गाडी लागते. तीन नंबरला लागली, विषय संपला. इंग्रजीत गाडी लागत नाही. इंग्रजीत ती ‘अराइव्ह’ होते, आणि अराइव्ह झाली रे झाली की तिच्या मागे एक शेपूट लावावं लागतं… ॲट, इन, ऑन, टू… आणि शेपूट चुकीचं लागलं की गाडी येऊनसुद्धा आली असं म्हणायची सोय नाही.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. बसस्टँडवर घोषणा करायची. तुम्ही म्हणाल, त्यात काय, गाड्यांची नावं तर वाचायची. तुम्हाला सांगतो, बसून बघा एकदा. चौकशीच्या खिडकीच्या डोक्यावर एक काचेची खोली, त्यात एक टेबल, एक माईक आणि एक पंखा, आणि तो पंखा माईक चालू असताना बंद ठेवायचा, कारण त्याचा खडखडाट गाडीच्या नावापेक्षा मोठा. म्हणजे उन्हाळ्यात गाड्या जास्त, माईक सतत चालू, पंखा सतत बंद, आणि त्या घामाच्या धारांत हिनं असं बोलायचं की खाली बसलेल्या माणसाला वाटावं, वर कुणीतरी गार वाऱ्यात बसलंय. आणि वाटायचं हो! आवाजच तसा होता. कोकिळा वगैरे ते सगळं राहू द्या, मी भाऊ आहे, मी कशाला वाढवून सांगू… स्वच्छ होता. नुकत्याच पुसलेल्या काचेसारखा. गाडी वळणावरून दिसली की ही बटण दाबणार, आधी आपल्या भाषेत सांगणार, मग परगावच्या, परदेशच्या लोकांसाठी इंग्रजीत. ‘द बस हॅज अराइव्ह्ड ॲट प्लॅटफॉर्म नंबर थ्री.’ ॲट. वर्षानुवर्षं ॲट. कुणी शिकवलं होतं? हिच्या आधीच्या बाईनं. तिला कुणी शिकवलं? तिच्या आधीच्या बाईनं. का ॲट, हे तिघींपैकी एकीलाही माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं तोवर सगळं सुरळीत चाललं होतं.

मग साहेबांच्या डोक्यात आलं, रोज रोज बोलायचं कशाला? एकदाच टेप करून ठेवू. गाडी आली की बटण दाबायचं, आवाज आपोआप येईल. जुने साहेब माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला कुठलीही गोष्ट एकदाच करायची सवय. तो ताईला म्हणाला, आपल्या भाषेतलं मी लिहून देतो, इंग्रजीचं तुमचं तुम्ही बघा. आणि जाता जाता दारातून मागे वळून म्हणाला, “पण एकदाच होणार आहे हं, कायमचं. तेव्हा बरोबर असू द्या.”

झालं. ‘बरोबर असू द्या.’ इथं घात झाला. आता तुम्ही रोज जिना उतरता की नाही? बघता का पायऱ्यांकडे? नाही बघत. एक दिवस कुणी सांगितलं, नीट उतरा हं… संपलं, तिसऱ्या पायरीवर पाय मुरगळलाच म्हणून समजा. ताई घरी आली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या ॲटचा विचार करायला लागली. ॲटच का? ॲटच कशावरून?

पहिला सल्ला भाऊजींचा. भाऊजी म्हणजे ताईचे यजमान, फ्रिज दुरुस्त करतात, आणि माणूस असा की फ्रिज उघडला तरी त्यात त्यांना तत्त्व दिसतं. ते म्हणाले, हे बघ, गो टू. बरोबर? कम टू. बरोबर? रिटर्न टू. बरोबर? मग अराइव्हनंच काय घोडं मारलंय? ताईला पटलं. मग शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी आली, ती म्हणाली, काकू, तसं नसतं, मोठी जागा असली तर इन, छोटी जागा असली तर ॲट. शहरात इन, स्टँडवर ॲट. ताईनं विचारलं, मग फलाट मोठा की छोटा? ती म्हणाली, छोटाच की. ताई म्हणाली, एक ते चार छोटे आहेत गं, पण पाच नंबर मोठा आहे, तिथं दोन गाड्या एकामागे एक लागतात. त्यावर ती मुलगी जी उठली ती घरीच गेली. दुसऱ्या दिवशी कँटीनवाले काका म्हणाले, ऑन म्हणा ऑन, वस्तू टेबलावर असते तेव्हा ऑन. त्यावर भाऊजी म्हणाले, बस फलाटाच्या बाजूला उभी राहते, ती फलाटाच्या वर चढली तर त्याला अराइव्हल नाही म्हणत, अपघात म्हणतात. मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, बाई गं, नुसतं ‘बस, प्लॅटफॉर्म थ्री’ म्हण आणि मोकळी हो. आपल्याकडे गाडी लागते की नाही नुसती?

टेप करायचा दिवस उजाडला. खोलीला आतून सगळीकडे जाड ब्लँकेटं लावलेली, पंखा बंद, लाल दिवा लागला, काचेपलीकडे टेपवाला कानाला हेडफोन लावून बसलेला, त्याच्या मागे साहेब हाताची घडी घालून. ताईनं आपल्या भाषेतलं एका दमात म्हटलं. मग इंग्रजी. ‘द बस हॅज अराइव्ह्ड…’ आणि थांबली. क्षणभरच. जिभेवर ॲट होता हो, इतक्या वर्षांची सवय, तो बिचारा आपला उडी मारायच्या तयारीत उभा… पण डोक्यात भाऊजी आले, कॉलेजातली मुलगी आली, पाच नंबरचा मोठा फलाट आला, आणि ताई म्हणाली, ‘टू. प्लॅटफॉर्म नंबर…’ आणि पुढे आकडे, वन, टू, थ्री, ते वेगवेगळे, नंतर जोडायचे. लाल दिवा विझला. टेपवाल्यानं अंगठा दाखवला. साहेबानं अंगठा दाखवला.

जिना उतरताना तिला कळलं. ती मला म्हणाली, मधल्या वळणावर पाय टेकला आणि कुणीतरी कानात सांगावं तसं स्वच्छ कळलं, ॲट. परत वर जायचं ना? वर टेपवाला वायरी गुंडाळत होता, साहेब त्याच्याशी हात मिळवत होता, आणि हिला वाटलं, एवढ्याशा शब्दासाठी पुन्हा सगळा पसारा मांडायला लावायचा? शोभतं का? गेली नाही. घरी येऊन स्वयंपाकाला लागली. तुम्हाला सांगतो, माणसाचं आयुष्य मोठमोठ्या निर्णयांनी वगैरे बिघडत नाही, ते जिन्याच्या वळणावर बिघडतं… वर जावं की खाली?

पहिले काही दिवस मजेचे गेले. ताई त्याच काचेच्या खोलीत बसून बटणं दाबायची, पंखा पहिल्यांदाच सतत चालू, आणि खालून स्वतःचा आवाज वर यायचा. लोक म्हणायचे, ताई, काय सुरेख वाटतं. आणि मग एके दिवशी चौकशीच्या खिडकीशी एक बाई आल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, हातात काठी, आणि अगदी हळू, अगदी सौम्यपणे म्हणाल्या, “बाळ, ते ॲट हवं गं.” एवढंच. ओरडल्या असत्या तर ताईनं भांडून घेतलं असतं, पण सौम्य माणसाशी भांडायचं कसं? त्या दिवसापासून ताईला अख्ख्या वाक्यात तो एकच शब्द ऐकू यायला लागला. गाडी लागायची फलाटाला, आणि टू लागायचा ताईच्या मनाला. दर गाडीला. आणि स्टँड केवढं, गाड्या किती, तुम्हीच विचार करा… दुसरी माणसं चूक करतात, पस्तावतात, विसरतात. हिची चूक भोंग्यातून दर थोड्या वेळानं सगळ्या गावाला ऐकवली जायची, आणि त्याचं बटण दाबायला कोण? हीच.

त्यात थोरला, म्हणजे तिचा मुलगा, शाळेत निबंधात लिहून आला, ‘वी अराइव्ह्ड टू’ अमुक अमुक. मास्तरांनी तांबडी रेघ मारली. हा म्हणाला, सर, स्टँडवर असंच सांगतात. मास्तर म्हणाले, स्टँडवर कोण सांगतं? हा छाती काढून म्हणाला, माझी आई सांगते. मग आईला घेऊन ये. ताई गेली. मास्तर नम्र होते, खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाले, ताई, एकटा हाच नाही, बसनं येणारी सगळी मुलं टू लिहितात, मी पोरांना शिकवतो तो एक तास आणि तुम्ही शिकवता तो दिवसभर, माझं कसं चालायचं? ताई परत येताना बसनं आली नाही. चालत आली.

इथवर हसण्यावारी नेण्यासारखं होतं. भाऊजी तर म्हणायचे, भाषा वाढते अशानं. पण मग तो माणूस आला.

परमुलखातला माणूस. आपली भाषा येत नव्हती, इंग्रजीही जेमतेम, आकड्यांपुरती. दुपारची वेळ, हातात एक कापडी पिशवी. त्याला ज्या गावाला जायचं होतं तिथली गाडी दिवसातून एकदाच. गाडी आली, ताईनं बटण दाबलं, भोंगा बोलला, ‘हॅज अराइव्ह्ड टू प्लॅटफॉर्म नंबर फाइव्ह.’ आता तुम्ही त्या माणसाच्या कानानं ऐका. आजूबाजूला गलका, सगळं इंग्रजी डोक्यावरून चाललंय, आणि त्यात पहिला ओळखीचा शब्द कानावर पडतो तो कुठला? टू. तो पिशवी घेऊन धावला दोन नंबरला. आणि दोन नंबरला उभा राहिला. नीट, शिस्तीत, अगदी पुढे. गाडी पाच नंबरहून भरली, पाच नंबरहून सुटली, आणि हा दोन नंबरच्या मोकळ्या फलाटावर आपली गाडी यायची वाट बघत उभा.

ताईला वरून काचेतून दिसला. बराच वेळ तसाच उभा दिसला म्हणून ती खाली उतरली, विचारलं, तिकीट बघितलं, तर ते सुटून गेलेल्या गाडीचं. त्यानं दोन बोटं दाखवली, भोंग्याकडे बोट केलं. टू, म्हणाला. तुम्हीच सांगितलंत ना, असं नाही हो म्हणाला, तेवढं इंग्रजी त्याला यायचं नाही, पण चेहऱ्यावर तसंच होतं. मग खुणांनी, तुटक शब्दांनी कळलं ते असं, की त्याची मोठी बहीण त्या गावी इस्पितळात होती, आणि निरोप आला होता की येऊन जा. ‘येऊन जा’ असा निरोप कधी येतो, हे कुठल्याही मुलखात सांगावं लागत नाही.

ताईनं त्याला दुसऱ्या मार्गानं दोन गाड्या बदलून जाता येईल अशी गाडी शोधून दिली, कंडक्टरला सांगितलं, खिडकीशी बसवलं. त्या मार्गानं तो दुसऱ्या दिवशी सकाळी पोचणार. त्यानं जाताना हात जोडले. आभार मानले हो तिचे. ती म्हणते, शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याची बहिणीशी भेट झाली की नाही, हे तिला आजतागायत कळलेलं नाही. कळणार तरी कसं? नाव विचारायचं राहिलं.

त्यानंतर तिनं साहेबाचा पिच्छा पुरवला. दिसला साहेब की टू. जेवणाच्या सुट्टीत टू, गाडीत बसताना टू. साहेब म्हणायचा, एक तुकडा बदलता येत नाही, सगळं नव्यानं करावं लागेल, त्याला वरून मंजुरी लागते. मग म्हणायचा, बघू. मग म्हणायचा, “ताई, बस येते ना? लोक बसतात ना? मग झालं तर.” स्टँडवर तिला टूताई म्हणायला लागले. मागून म्हणायचे, पण तिला ऐकू यायचं, आवाजाच्या धंद्यातलं माणूस ना ते.

आणि मग गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडची. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही, काढून टाकू, फक्त शेजारून आवाजाची नस जाते, ती जरा दुखावू शकते. दुखावली. जीव वाचला, त्याबद्दल देवाचे आभार, पण आवाज गेला तो गेला. आता ती बोलते ते तुम्ही ऐकलंत तर वाटेल, कुणीतरी दुसऱ्या खोलीत जड टेबल ओढतंय. घोषणेच्या खोलीत बसायला आवाज लागत नव्हता, बटणं तर दाबायची, पण तिनंच बदली मागितली. दिली. कुठं? हरवलेल्या सामानाच्या खोलीत. स्टँडच्या तळमजल्यावर, बरोबर भोंग्याखाली. छत्र्या, डबे, एकेक बूट, एकदा तर दातांची कवळी… सांगा, कवळी विसरून माणूस उतरतो कसा? आणि या सगळ्या हरवलेल्या वस्तूंच्या मधोमध ताई, आणि डोक्यावर दर थोड्या वेळानं तिचा जुना आवाज. स्वच्छ, तरुण, गार वाऱ्यात बसल्यासारखा. आणि चुकीचा.

धाकटी, तिची मुलगी, ऑपरेशनच्या वेळी पाळण्यात होती. तिनं आईचा आवाज ऐकला तो हा, टेबल ओढल्यासारखाच. तिच्या लेखी आईचा आवाज म्हणजे हाच. एकदा तिला घेऊन मी ताईकडे स्टँडवर गेलो होतो, वर भोंगा वाजला, आणि पोर म्हणाली, “आई, ही बाई कोण गं? किती छान बोलते.” मी तोंड उघडलं होतं, पण ताईनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी ते तसंच मिटलं. ती छत्रीला चिठ्ठी बांधत होती. म्हणाली, “असेल कुणीतरी.”

पुढं जुने साहेब गेले, नवे साहेब आले. तरुण, हुशार, बाहेर शिकून आलेले. पहिल्याच दिवशी फलाटावर उभे राहिले, भोंगा ऐकला, आणि भुवया वर. म्हणाले, हे इतकी वर्षं चालू कसं दिलं? लगेच हुकूम. नवं यंत्र आणायचं. यंत्रच बोलणार, माणूस नको, टेप नको, जे लिहू ते बोलणार, आणि बिनचूक. कँटीनवाले काका धावत ताईच्या खोलीत आले, म्हणाले, टूताई, झालं की हो तुमचं काम, टू जाणार.

ताईनं त्या दिवशी डबा उघडला नाही. माझ्याकडे आली संध्याकाळी. मी म्हटलं, अगं मग हस की जरा, इतकी वर्षं हेच मागत होतीस. ती म्हणाली, “टू जाऊ दे रे. पण मागचंपुढचं सगळंच जाणार ना त्याच्याबरोबर.” मला तोवर हे सुचलंच नव्हतं. सगळं वाक्य जाणार. सगळी गावांची नावं जाणार. तो आवाज आता जगात दुसरीकडे कुठंच नव्हता, तिच्या गळ्यातसुद्धा नव्हता. होता तो फक्त त्या भोंग्यात, आणि त्याच्या पोटात ती चूक, हाडासारखी. हाड काढायचं तर माणूस कापायला हवा.

दुसऱ्या दिवशी ती नव्या साहेबांच्या केबिनमध्ये गेली. ठरवून गेली होती, म्हणायचं, साहेब, राहू द्या. चूक आहे, पण राहू द्या. ती दारात उभी राहिली, साहेबांनी बसा म्हटलं, ती बसली. साहेब चांगल्या मनानं म्हणाले, ते भोंग्याचं ना? ऐकलंय मी, तुम्ही बरीच वर्षं सांगत होतात, कुणी ऐकलं नाही. आणि मग म्हणाले, “कोण बाई होती हो ती? आवाज चांगला होता. कुणीतरी एक शब्द तेवढा सांगायला हवा होता तिला.”

त्यांना माहीतच नव्हतं. कसं असणार? समोर बसलेल्या बाईचा आवाज आणि वरच्या बाईचा आवाज, यांचं काही नातं असेल असं कुणाला स्वप्नात तरी वाटेल? ताईच्या ओठांवर आलं होतं. पण ती म्हणते, त्याच वेळी मला तो माणूस दिसला. कापडी पिशवी घेऊन दोन नंबरला उभा, अगदी पुढे. उद्या तसाच आणखी एक उभा राहिला तर? माझा आवाज राहावा म्हणून? तिनं खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाली, “सांगितलं होतं साहेब, तिला. उशिरा.” आणि म्हणाली, बरं झालं बदलताय ते. आणि उठून आली. मी तिला म्हटलं, अगं, निदान सांगायचं तरी, की मी ती. तर म्हणाली, काय सांगू? ती चुकीची बाई मीच, असं?

टेप बंद व्हायच्या आदल्या दिवशी तिनं धाकटीला शाळेतून परस्पर स्टँडवर आणलं. भाऊजी फ्रिज अर्धा उघडा टाकून आले, मी आलो. तीन नंबरच्या बाकावर बसलो सगळे, कुठल्याच गाडीला जायचं नसलेले. ताई धाकटीला म्हणाली, ती वरची बाई आहे ना, ती मी आहे. पोर हसायलाच लागली. “तू? तुझा आवाज तर असा नाहीये.” भाऊजी म्हणाले, अगं खरंच. पोर म्हणाली, बाबा तुम्ही पण ना. आता पटवायचं कसं? पुरावा काय देणार? तेवढ्यात वळणावर गाडी दिसली, वर भोंगा सुरू झाला, आणि ताईनं धाकटीचा चेहरा आपल्याकडे वळवला आणि नुसते ओठ हलवले. आवाज नाही काढला. वर आवाज, इथं ओठ. गावाचं नाव, श्वास, पुन्हा शब्द, कुठे जीभ टाळ्याला लागते, कुठे ओठ मिटतात, सगळं जसंच्या तसं, एका केसाचा फरक नाही. पोर तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. ‘द बस हॅज अराइव्ह्ड…’ आणि इथे दोघीही थांबल्या, वरची आणि खालची, तेवढ्याच, क्षणभर… ‘टू.’

धाकटीनं आईच्या ओठांना बोट लावून बघितलं. मग म्हणाली, “आई, मध्ये थांबलीस का गं?”

ताई म्हणाली, “विचार करत होते.”

मग संध्याकाळ होईपर्यंत त्या पोरीनं कुणाला उठू दिलं नाही. दर गाडीला आईला ओठ हलवायला लावायची. भाऊजी मधेच उठून पाच नंबरला जाऊन आले, कशाला ते मी विचारलं नाही, डोळे लाल होते, म्हणाले, डिझेलचा धूर.

आता नवं यंत्र आहे. इंग्रजी म्हणाल तर काय बोलायची सोय नाही, ॲट म्हणजे ॲट, फलाट मोठा असो छोटा असो. परमुलखातला माणूस आता दोन नंबरला उभा राहत नाही, हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण तुम्हाला सांगतो, परवा मी तिथं गेलो आणि आपल्या भाषेतलं ऐकलं. ऐकाच. ‘ही बस फलाट क्रमांक तीनमध्ये आगमन झालेली आहे.’ बस आगमन झालेली आहे! तीनमध्ये! अहो, आपल्याकडे गाडी लागते हो, लागते! शेंबड्या पोरालाही कळतं हे! मी तसाच नव्या साहेबांकडे गेलो, म्हटलं, अहो, हे काय ऐकवताय? ते म्हणाले, आपल्याच लोकांसाठी आहे ना, त्यांना कळतं सगळं.

मी तणतणत ताईच्या खोलीत गेलो. ती एका हरवलेल्या पिशवीतलं सामान टेबलावर मांडून बसली होती. मी म्हटलं, ताई, तू बोल त्यांच्याशी, तुझं ऐकतील, तू सांगत होतीस ते एकदा बदललंय त्यांनी. वर भोंगा वाजला, बस पुन्हा आगमन झाली, ताईनं नीट ऐकून घेतलं, आणि मान हलवली.

“नको रे,” ती म्हणाली. “मागच्या वेळी एक शब्द बदला म्हटलं, तर त्यांनी बाईच काढून टाकली.”